हौसाक्काचं उंबर आणि पाहुणचाराचं कॉलेज

एका जंगलात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

म्हणजे झाडं होती. ओढा होता. सकाळी धुकं उतरायचं आणि ऊन वर आलं की आपलं आपण निघून जायचं. वाघ होता, पण तो म्हातारा होता आणि बहुतेक वेळ झोपलेला असायचा. हे सगळं होतं, पण याला 'बघण्यासारखं' म्हणतात हे तिथल्या कुणाला ठाऊक नव्हतं. मुलांनो, अज्ञान असं असतं. नीट मांडी घालून बसा आणि चुळबुळ करू नका.

त्या जंगलाला हिरडीचं रान म्हणत. तिथं ओढ्याकाठच्या सपाटीवर उंबरांची दाट राई होती, आणि त्या राईत हौसाक्का नावाची एक वानरीण आपली मुलगी केशर हिच्यासोबत राहायची.

उंबर तुम्ही पाहिलं असेल. बाहेरून लालबुंद, गोंडस. फोडलं की आत चिलटं. म्हणून हौसाक्का पाहुण्याला उंबर कधी अख्खं देत नसे. ती ते दोन बोटांनी फोडायची, त्यावर हळूच फुंकर मारायची, आणि चिलटं उडून गेली की मग पाहुण्याच्या हातावर ठेवायची. तिची आई असंच करायची. आता शेजारी बसून केशरही असंच करायला शिकली होती.

पाहुणा खायचा आणि म्हणायचा, "वा, अक्का. काय गोड आहे."

त्यावर हौसाक्का म्हणायची, "कसलं वो. आमाला कुठं काय येतंय. गोड मानून घ्या."

ही त्या रानाची रीत होती. कुणी वाखाणलं की आपण नाही म्हणायचं. अस्वल नाना अख्खं पोळं पुढ्यात ठेवून म्हणायचे, "चार थेंब हायती, आमची काय ऐपत." हरणी मऊ गवतावर बसवून म्हणायची, "अडचणीत बसावं लागलं, राग मानू नका." असं म्हणताना आपण उत्तम केलंय हे त्यांना पक्कं माहीत असायचं. पाहुण्यालाही माहीत असायचं. पाहुणा मग जरा जास्तच खायचा, आणि सगळ्यांना बरं वाटायचं.

दुसरीही एक रीत होती. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. तो जे बोलेल त्याला मान डोलवायची. जे काय बोलायचं ते तो गेल्यावर. गेल्यावर मात्र पोटभर बोलायचं, त्याला कुणाची आडकाठी नव्हती.

या रानाला एकच दुःख होतं. डोंगरापलीकडे घाटाचा रस्ता झाला होता. तिथं मोटारी थांबत आणि मोटारींतून केळी, बिस्किटं, चिवड्याच्या पुड्या बाहेर येत. रानातली तरणी पोरं एकेक करून घाटात जाऊन बसू लागली. हौसाक्काचा थोरलाही गेला. येऊन जाऊन राहीन म्हणाला, मग येईना झाला. हौसाक्का एकदा त्याला बघायला गेली. तो रस्त्याच्या कठड्यावर बसून एका मोटारीच्या काचेकडे टक लावून होता. त्यानं आईकडे पाहिलं. आईच्या हातात पुडी नव्हती. तो पुन्हा काचेकडे बघू लागला.

हौसाक्का घरी आली आणि केशरच्या डोक्यातल्या उवा वेचत बसली. उवा फारशा नव्हत्या. तिला नुसतं जवळ बसायचं होतं. ही पोरगी तरी इथंच राहावी, एवढंच तिचं मागणं होतं.

पोरं जातात ही ओरड वाघोबापर्यंत गेली. वाघोबा जागे झाले. त्यांनी प्रधान कोल्ह्याला विचारलं.

कोल्हा म्हणाला, "महाराज, पोरं पाहुण्यांच्या मागं घाटात जातात. आपण पाहुण्यांनाच रानात आणू. याला पर्यटन म्हणतात. पाहुणे आले की पोरांना इथंच काम मिळेल, मग ती कशाला जातील?"

हे म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच पुढं त्यासाठी तज्ज्ञ बोलवायचं ठरलं.

तज्ज्ञ म्हणजे दीर्घचंचू नावाचा करकोचा. तो फार लांबून उडत आला. त्यानं पुष्कळ रानांचा विकास केला होता आणि त्यातलं एकही त्याला पुन्हा बघावं लागलं नव्हतं. तो एका पायावर उभा राहून विचार करायचा. दुसरा पाय त्यानं पोटाशी धरलेला असायचा, जमिनीला लागू नये म्हणून.

"कॉलेज काढण्याआधी," तो म्हणाला, "स्थानिक समाजाला काय येतं आणि काय येत नाही याची पाहणी करावी लागेल."

तो पहिल्यांदा हौसाक्काकडे आला. तिनं उंबर फोडलं, फुंकर मारली, पुढं केलं. करकोच्यानं खाल्लं. मग आणखी खाल्लं. केशर फोडून देत होती आणि तो खात होता.

"उत्तम," तो चोच पुसत म्हणाला. "पाहुणचार तुम्ही कुठं शिकलात?"

"शिकायला कोण गेलंय, सायेब," हौसाक्का लाजून म्हणाली. "आमाला कुठं काय येतंय."

करकोच्यानं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. "काहीच येत नाही?"

"कायबी न्हाई. गोड मानून घ्या."

करकोच्यानं हे टिपून घेतलं. मग तो नानांकडे गेला. नानांनी आपली ऐपत नाही म्हणून सांगितलं. हरणीनं आपल्याकडे बसायला धड जागा नाही म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत त्याचं पोट भरलं आणि पाहणीही पुरी झाली.

संध्याकाळी वाघोबांच्या गुहेसमोर सभा भरली. करकोच्यानं निष्कर्ष वाचून दाखवला. "हिरडीच्या रानात पाहुणचाराचे कौशल्य शून्य आहे. विशेष म्हणजे स्थानिक समाजाने ही गोष्ट कोणत्याही दबावाशिवाय स्वतः कबूल केली आहे."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नाना कान खाजवू लागले. आपण उगाच म्हणालो होतो, हे आता कोण सांगणार? सांगायचं म्हणजे दोन गोष्टी कराव्या लागणार. आपणच आपल्याला चांगलं म्हणायचं, आणि वर पाहुण्याला खोटं पाडायचं. असला निर्लज्जपणा त्या रानात कुणाच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. सगळ्यांनी माना डोलवल्या.

"आता कॉलेजचा आराखडा," करकोचा म्हणाला. "तो स्थानिकांच्या गरजेवरच बेतला जाईल. तुम्हाला काय हवंय ते मोकळेपणानं सांगा."

शेवटी हौसाक्का उठली.

"सायेब, माझी पोरगी हितंच ऱ्हावी. बाकी काय नको."

"इथंच राहावी," करकोच्यानं लिहिलं. "म्हणजे वसतिगृह."

मग त्यानं चोचीनं मातीत इमारत काढून दाखवली. इमारत मोठी होती. तिला सपाट जागा लागणार होती. रानात सपाट जागा एकच होती, उंबरांच्या राईची.

"हरकत नाही ना?" करकोच्यानं विचारलं.

हौसाक्काच्या ओठावर शब्द आला होता. पण पाहुणा अजून समोर उभा होता. ती मनाशी म्हणाली, हा जाऊ दे, मग बोलू.

पण तो गेलाच नाही. कॉलेज उभं राहीपर्यंत त्याला सल्लागार नेमलं. कॉलेज उभं राहिल्यावर ते नीट उभं आहे का बघायला त्याची मुदत वाढवली. मुलांनो, पाहुणा गेल्यावर बोलू असं ठरवून बसलेली सगळी जनावरं अजून गप्प आहेत.

राई पडली. मागच्या भिंतीला अडचण होत नव्हती म्हणून तेवढं एक उंबर राहिलं. त्याच उंबरावर हौसाक्का आणि केशर राहायला गेल्या.

कॉलेज मात्र देखणं झालं. करकोच्यानं अगदी बारीक विचार केला होता. खऱ्या रानात विद्यार्थ्यांनी सराव करणं बरं नव्हे, तिथं काटे असतात, पानं अंगावर पडतात. म्हणून इमारतीच्या मधोमध एक सरावाचं रान बांधलं. त्यात सिमेंटची झाडं होती. सिमेंटच्या उंबराला सिमेंटची उंबरं होती आणि त्यांना लाल रंग दिला होता. बाहेर जे रान तोडलं तेच आत आणखी टिकाऊ करून बसवलं, असं उद्घाटनात सांगण्यात आलं. टाळ्या पडल्या.

प्राचार्य म्हणून घोरपडबाईंना आणलं. त्या बाहेरच्या होत्या. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा त्यांच्यासाठी खुर्चीही दणकट केली होती.

केशरनं पहिल्याच दिवशी नाव घातलं. हौसाक्कानं तिची शेपूट विंचरून दिली.

"मन लावून शीक," ती म्हणाली. "शिकलीस की हितंच काम. घाटात जायाला नको. दादासारकं व्हायला नको."

"आणि आपली राई गेली ती?"

"जाऊ दे गं. झाडं काय, परत येत्याली. पोरं येत न्हाईत."

वर्ग सुरू झाले. पहिला धडा हसण्याचा होता. पाहुणा दिसताच दात दाखवून हसायचं. आता वानरांत दात दाखवले की त्याचा अर्थ 'पुढं आलास तर चावीन' असा होतो. वानर खुशीत असलं की तोंड मिटून घेतं. केशरनं हे घोरपडबाईंना सांगून पाहिलं.

"ते तुमच्या घरी," घोरपडबाई म्हणाल्या. "इथं पाहुण्यांच्या दृष्टीनं बघायचं."

केशर दात दाखवायला शिकली. सरावासाठी शहरातून एक पाहुणा आणला होता. गळ्यात पट्टा असलेला एक झुबकेदार पांढरा कुत्रा. सगळा वर्ग त्याच्याकडे बघून एकदम हसला. कुत्रा जो पळाला तो शहरात जाऊनच थांबला. पाहुणा येऊन गेला, एवढीच नोंद झाली.

दुसरा धडा उंबर देण्याचा. उंबर तबकात ठेवायचं, खाली धुतलेलं पान. अख्खं द्यायचं. फोडायचं नाही. फुंकर तर मुळीच मारायची नाही, फुंकर अस्वच्छ.

"पण आत चिलटं असत्यात," केशर म्हणाली.

"ती पाहुण्यानं आपली आपण अनुभवायची. त्याला रानाचा थेट अनुभव म्हणतात."

तिसरा धडा सगळ्यांत अवघड होता. पाहुण्यानं वाखाणलं की काय म्हणायचं, हा. घोरपडबाईंनी फळ्यावर लिहिलं होतं : 'धन्यवाद. आमची सेवा सर्वोत्तम आहे.' त्याखाली एक ओळ खोडून दाखवली होती, कधीही न म्हणण्याची : 'आम्हाला कुठं काय येतं, गोड मानून घ्या.'

वर्गातली सगळी पोरं खाली बघू लागली. त्यांच्या आयांचं वाक्य फळ्यावर खोडलेलं होतं.

केशर उठून उभी राहिली. "आमची सेवा," ती म्हणाली, आणि अडकली. "बाई, आपणच आपलं असं कसं म्हणायचं?"

"सवयीनं," घोरपडबाई म्हणाल्या.

सवय झाली. केशर हुशार होती. सरावाच्या रानात सिमेंटच्या झाडाखाली उभी राहून ती रोज म्हणायची, आमची सेवा सर्वोत्तम आहे. मागच्या उंबरावर बसून हौसाक्का ऐकायची. पहिल्यांदा तिला शरम वाटली. मग वाटलं, म्हणू दे. हितंच हाय ना, मग काय वाटेल ते म्हणू दे.

एवढ्यात असा नियम झाला की ज्याच्याकडे पाहुणचाराचा दाखला आहे त्यानंच पाहुण्याला काही द्यायचं. मोठ्या माणसांसाठी, म्हणजे मोठ्या जनावरांसाठी, तोंडी परीक्षा ठेवली. हौसाक्का आणि नाना दोघंही गेले.

घोरपडबाईंनी हौसाक्काला पहिला प्रश्न विचारला. "तुम्हाला पाहुणचार येतो का?"

हौसाक्का बाईंकडे बघत राहिली. बाई बाहेरच्या. म्हणजे पाहुण्या. पाहुणीनं तोंडावर असं विचारल्यावर घरंदाज वानरीण दुसरं काय म्हणणार?

"आमाला कुठं काय येतंय," ती म्हणाली.

"या तुम्ही," घोरपडबाई म्हणाल्या.

नानांचंही तेच झालं. फरक एवढाच की ते परीक्षेला जाताना बाईंसाठी पोळं घेऊन गेले होते. बाईंनी पोळं ठेवून घेतलं आणि नानांना नापास केलं. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "चार थेंबच होते म्हणा."

वर्ष सरलं. केशर पहिल्या वर्गात पहिली आली. पदवीदान झालं. हौसाक्का पुढच्या रांगेत बसली होती, तोंड घट्ट मिटून. इतकी खूश ती कधी झाली नव्हती.

करकोचा भाषणाला उभा राहिला. "आनंदाची गोष्ट सांगतो. आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला काम मिळालेलं आहे. कुमारी केशर हिची नेमणूक तीन डोंगरांपलीकडच्या बेलवनात झाली आहे. उद्या निघायचं."

टाळ्या पडल्या. हौसाक्कानं टाळी वाजवली नाही. तिला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. ती उभी राहिली.

"सायेब, हितं काम मिळणार हुतं ना?"

"इथं कसं मिळेल?" करकोच्यानं समजुतीच्या सुरात विचारलं. "इथं कॉलेज आहे. पाहुणे जिथं रान आहे तिथं जातात."

"आणि बेलवनात त्यांची पोरं न्हाईत व्हय?"

"होती. पण तिथंही आम्ही कॉलेज काढलं. ती सगळी पास होऊन बाहेर गेली. त्यामुळे तिथं स्थानिकांची फार टंचाई आहे. तुमची केशर तिथं स्थानिक म्हणून उभी राहील." मग तो मान खाली करून म्हणाला, "तुमची काही हरकत नाही ना, अक्का?"

सगळं रान हौसाक्काकडे बघत होतं. केशर बघत होती. हौसाक्काच्या गळ्याशी 'नाही' आलं होतं. पण करकोचा पाहुणा होता. तो गेलाच नव्हता, म्हणून तो अजून पाहुणाच होता. हौसाक्कानं मान डोलवली.

मुलांनो, तिला फार वाईट वाटलं. हे मी वळसा न घेता सांगतो. घाटात गेलेल्या पोराला ती शिव्या तरी देऊ शकत होती. या पोरीला तर तिनं स्वतःच शेपूट विंचरून कॉलेजात पाठवलं होतं.

केशर गेली. उंबराला फळ आलं, पिकलं, पडलं. हौसाक्का एखादं उचलायची, फोडायची, फुंकर मारायची आणि तसंच हातात धरून बसायची. द्यायला कुणी नव्हतं, आणि दाखल्याशिवाय देताही येत नव्हतं.

एके दिवशी नाना आले आणि शेजारी बसले.

"अक्का, जाऊन का येत न्हाईस बेलवनात?"

"मला कोण आत घेतंय, नाना. दाखला कुठाय माझ्याकडं?"

"दाखला यजमानाला लागतोय," नाना म्हणाले. "पाहुण्याला कशाला? पाहुणी होऊन जा की. पाहुण्याला कोण न्हाई म्हणतंय?"

हौसाक्काला हे सुचलंच नव्हतं. जन्मात ती कुणाकडे पाहुणी म्हणून गेली नव्हती. तिनं पानांत थोडी उंबरं बांधून घेतली आणि निघाली.

बेलवनाच्या कमानीशी तिला थांबवलं. मग ती पाहुणी आहे असं कळल्यावर रांगेत बसवलं. रांगेत शहरातल्या मांजरी होत्या, कबुतरं होती, एक झुबकेदार पांढरा कुत्रा होता आणि तो थरथरत होता. सगळ्यांवर नजर ठेवायला एक टिटवी फिरत होती. कुणी सेवक चुकला की तिनं ओरडायचं, हे तिचं काम. टिटवीला ओरडायला एरवीही कारण लागत नाही.

तबक घेऊन केशर आली. गळ्यात बेलफळांची माळ होती. तिनं रांगेच्या तोंडापासून सुरुवात केली. प्रत्येकासमोर थांबायची, दात दाखवायची, तबक पुढं करायची आणि म्हणायची, "आमच्या बेलवनात आपलं स्वागत आहे. आम्ही इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे."

असं करत ती हौसाक्कासमोर आली.

तिचे दात तसेच उघडे राहिले. "आमच्या बेलवनात," ती म्हणाली. "आपलं." पुढचं तिला आठवेना.

पाहुण्यानं कसं वागायचं हे हौसाक्कानं जन्मभर समोर बसून बघितलं होतं. ती हात पुढं करून बसून राहिली.

केशरनं तबकातलं उंबर उचललं आणि अख्खंच तिच्या हातावर ठेवलं. हौसाक्का हातातल्या उंबराकडे बघत राहिली. मग तिनं केशरकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. ती वाट बघत होती.

केशरनं उंबर परत घेतलं. दोन बोटांनी फोडलं. हळूच फुंकर मारली. चिलटं उडाली. तिनं ते आईच्या हातावर ठेवलं.

टिटवी तिकडून धावत आली.

हौसाक्कानं खाल्लं. सावकाश खाल्लं. "वा, पोरी," ती म्हणाली. "काय गोड हाय."

टिटवी शेजारी येऊन उभी राहिली होती. केशरला ती दिसत होती. फळ्यावरची ओळही दिसत होती, वरची, न खोडलेली. वर्षभर ती रोज म्हटलेली होती.

"कसलं गोड," केशर म्हणाली. "मला कुठं काय येतंय, आई. गोड मानून घे."

टिटवी जी ओरडली ती तिन्ही डोंगरांना ऐकू गेली.

चौकशी लगेच झाली. फुंकर मारली, हा पहिला गुन्हा. सेवेची निंदा केली, हा दुसरा. निकाल टिटवीनंच वाचला. "केशर हिचे प्रशिक्षण अपुरे आहे. तिला पुन्हा शिकण्यासाठी तिच्या मूळ कॉलेजात पाठवण्यात येत आहे. दोष पूर्ण जाईपर्यंत तिला कोठेही नेमणूक मिळणार नाही."

"दोष जाईस्तोवर?" हौसाक्कानं विचारलं.

"जाईपर्यंत. कितीही वर्षं लागोत."

"लई वाईट झालं," हौसाक्का म्हणाली. हे ती तोंड अगदी घट्ट मिटून म्हणाली. वानरांत त्याचा अर्थ काय होतो ते मघाशी सांगितलं आहे, लक्ष नसेल तर तुमचं तुम्ही बघा.

वाटेत केशर रडकुंडीला आली. "आई, मी पहिली आले हुते. आता सगळं रान हसंल."

"हसू दे. दात दाखवायला शिकल्यात सगळी."

दोघी तिसरा डोंगर उतरल्या. मागच्या भिंतीकडचं उंबर दिसू लागलं. केशर धावत सुटली. हौसाक्का मागून सावकाश आली. तिला आता घाई नव्हती.

केशर पुन्हा कॉलेजात जाऊ लागली. वर्षाअखेरी परीक्षा झाली. घोरपडबाईंनी विचारलं, "पाहुणचार येतो का?" केशर म्हणाली, "मला कुठं काय येतंय." बाईंनी नापास केलं. पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हौसाक्का तिचा अभ्यास घेते. उत्तर सोपं आहे, पण ते मनापासून म्हणावं लागतं, नाही तर बाईंना शंका येते.

ही बातमी फुटलीच. हरणी पाहुणी होऊन आपल्या पाडसाकडे जाऊन आली. मागोमाग साळिंदरीण गेली. एकेक पोरगं लांबच्या रानातून आपल्या आईला गोड मानून घे म्हणालं आणि नापास होऊन घरी आलं. कॉलेज गच्च भरलं. एवढे विद्यार्थी आणि कुणीच कॉलेज सोडायला तयार नाही, असं कुठल्याच रानात झालं नव्हतं. करकोच्याला त्याबद्दल मोठा मान मिळाला आणि त्यानं वसतिगृहावर आणखी एक मजला चढवायचं ठरवलं.

नापासांना सरावाच्या रानात पाऊल टाकायची बंदी आहे. तिथली सिमेंटची उंबरं फक्त हुशार मुलांसाठी. म्हणून नापास मुलं मागच्या भिंतीकडे, खऱ्या उंबराखाली बसतात. हल्ली तिथं शहरातली कबुतरं, मांजरी येऊन टेकू लागली आहेत. तो गळ्यात पट्टा असलेला पांढरा कुत्राही एकदा आला. कुणी त्याला दात दाखवले नाहीत. तो दुपारभर तिथंच झोपला. हे सगळं नियमबाह्य असल्यामुळे त्याची नोंद नाही.

थोरला मात्र अजून घाटातच आहे. त्याला कॉलेजात घ्यायला घोरपडबाई कधीही तयार आहेत. हौसाक्काच धजत नाही. तो पास होईल अशी तिला भीती वाटते.

आणि करकोचा? तो रोज तिन्हीसांजेला इकडे तिकडे बघत मागच्या भिंतीकडे येतो. एक पाय पोटाशी धरून उभा राहतो. केशर उंबर फोडते, फुंकर मारते, पुढं करते. तो पोटभर खातो.

"उत्तम," तो म्हणतो.

"आमाला कुठं काय येतंय," मायलेकी एकदमच म्हणतात. "गोड मानून घ्या."

करकोचा मान हलवतो आणि टिपून घेतो, की स्थानिक समाजात अद्याप काहीही सुधारणा नाही, कॉलेजची गरज कायम आहे.

तात्पर्य : मुलांनो, खूप शिका आणि पहिल्या वर्गात पास व्हा, म्हणजे परक्याच्या रानात 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच' असं म्हणायला तुम्हाला मानानं बोलावतील. आपल्याच रानात आईपाशी राहायचं असेल, तर मात्र दरवर्षी नापास व्हावं लागतं. आणि त्यासाठी घरचं वळण फार चांगलं असावं लागतं.